ठकुबाईची निरगाठ

आमच्या घरात चार कात्र्या आहेत. एक स्वयंपाकघरात, एक टीव्हीखालच्या खणात, एक न्हाणीच्या दारापाशी खिळ्यावर आणि एक माझ्या स्कूटीच्या डिकीत. घरात शिवणकाम कुणी करत नाही. कात्र्या लागतात त्या माझ्या सासूबाईंमुळे. पिशवीला गाठ मारताना ती पिशवी पुढेमागे कुणाला उघडायचीही असते, हा विचार त्यांच्या मनाला शिवत नाही. तांदळाची गोणी असो, कचऱ्याची पिशवी असो की माझ्या लेकीच्या परकराची नाडी असो, सगळ्यांना एकच न्याय, निरगाठ. तीही तिळाएवढी. नख घालायला जागा नाही आणि दातांनी ओढावी तर दातच हलतो.

त्यांचं नाव ठकुबाई. समोर मी त्यांना आईच म्हणते, सासूला नावाने हाक मारायची माझी छाती नाही. पण लिहिताना कोण ऐकतंय?

ठकुबाई लग्न होऊन राहनाळला आल्या तेव्हा गावात भातखाचरं होती. आता खाचरांवर गोडाऊनं उभी आहेत आणि माझे सासरे लडकूबाबा ओट्यावर बसून कुठल्या गोडाऊनच्या कुठल्या कोपऱ्यात आपला बांध होता, ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. ठकुबाईंना असं बसणं कधी जमलं नाही. भिवंडीत फखरुद्दीन शेठचा बारा लूमचा कारखाना होता, तिथे त्या एकोणतीस वर्षं कामाला होत्या. आधी कांड्या भरायच्या, म्हणजे नळ्यांवर सूत गुंडाळायचं. मग त्यांची नजर आणि बोटं बघून शेठनी त्यांना तुटलेले धागे जोडायला बसवलं. लूमवरची गाठ दिसता कामा नये, हाताला लागता कामा नये, फणीच्या दातांतून अडकल्याशिवाय सरकली पाहिजे आणि मुख्य म्हणजे सुटता कामा नये. सुटली की कापडाला भोक. ठकुबाईंची गाठ पापणी लवायच्या आत पडायची. "एकोणतीस वर्सांत माझी एक गाठ सुटली न्हाय," हे वाक्य त्या नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतात. माझं लग्न ठरवायला अंबाडीला आमच्याकडे आल्या तेव्हाही ऐकवलं होतं. माझ्या बाबांना वाटलं, मुलीला नीट नांदवू असं सांगतायत. ते खूश झाले.

लूम भंगारात गेले त्याला सहा वर्षं झाली. कारखान्यात आता प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवतात. ठकुबाई गावातल्याच एका गोडाऊनमध्ये खोकी पॅक करतात आणि मी वडप्याला दुसऱ्या गोडाऊनमध्ये तसलीच खोकी स्कॅन करते. त्यांचा चिकटपट्टीवर विश्वास नाही. पट्टीच्या आतून त्या गुपचूप सुतळी बांधतात. सुपरवायझरने दोनदा समज देऊन झाली, तिसऱ्यांदा त्याने नाद सोडला.

गेल्या श्रावणात एका रविवारी फखरुद्दीन शेठ रिक्षाने आमच्या दारात उतरले. बहात्तरीचे गृहस्थ, पांढराशुभ्र सदरा, हातात बिस्किटांचा पुडा. चहा घेतला, लडकूबाबांकडून बांधाची कथा ऐकून घेतली, आणि मग ठकुबाईंच्या हातांकडे बघत नजर अजून शाबूत आहे ना म्हणून विचारलं. उत्तर म्हणून ठकुबाईंनी माझ्याकडे सुई मागितली.

काम वेगळंच होतं. शेठचे वडील नाखवा होते. त्यांची स्वतःची फत्तेमारी होती, दोन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज, नाव ‘मुराद’. मलबारहून लाकूड आणि मंगळूरहून कौलं भरून ती भिवंडीच्या खाडीत यायची. मला हे आधी पटेना, कारण मी बघितलेल्या खाडीत जलपर्णी आणि थर्माकोल सोडून काही येत नाही. पण होती खरी. ‘मुराद’ मोडीत निघाली त्यानंतर वर्षाने शेठ जन्मले आणि ते चार वर्षांचे असताना वडील गेले. म्हणजे जहाज बघितलेलं नाही आणि वडील आठवत नाहीत. जे काही ठाऊक, ते थोरल्या बहिणीकडून, खदीजाआपांकडून. आपा एक्क्याऐंशी वर्षांच्या. त्यांचे यजमान गेल्यापासून तीसेक वर्षं भावाकडेच राहतात. आणि आता त्यांची मुलगी त्यांना केपटाउनला न्यायला येणार होती, कायमची. अठरा डिसेंबरचं विमान होतं.

आपा जायच्या आत शेठना ‘मुराद’चं हुबेहूब मॉडेल पुरं करायचं होतं. याआधी दोन करून झाली होती आणि दोन्ही आपांनी नापास केली होती. पहिल्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, फार सरळ होती. दुसऱ्याचं पोट काळं होतं. आमच्या ‘मुराद’च्या पोटाला चुना आणि माशाचं तेल फासलेलं असायचं, पांढरं, असं आपांचं म्हणणं. दोन्ही वेळा निकाल एकाच वाक्यात लागला, "ही आमची न्हाय." दोन्ही जहाजं माळ्यावर गेली. तिसऱ्याचं लाकूडकाम दोन वर्षं खपून झालं होतं आणि आपांनी त्यावर बोट फिरवून ते पास केलं होतं. राहिले होते फक्त दोर. आणि तेवढ्यात शेठचे हात थरथरायला लागले.

"आपा गेली की ‘हो, हीच’ म्हणणारं दुनियेत कोणी उरत नाही," शेठ म्हणाले. "मग मी कितीही चांगलं बनवलं तरी ते नुसतं लाकूड."

ठकुबाईंनी बिस्किटांचा पुडा आत नेऊन ठेवला आणि बाहेर येऊन विचारलं की सूत किती नंबरचं आहे.

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांना स्कूटीवरून बंदराजवळच्या मोहल्ल्यात शेठच्या घरी सोडायची. सोडून परत यायचं असं ठरवून जायची आणि दिवसभर तिथेच रेंगाळायची. वरच्या मजल्यावर खिडकीपाशी टेबलावर ती फत्तेमारी उभी होती. दोन हात लांब, नाळ पुढे झेपावलेली, पांढरं पोट. प्रत्येक डोलकाठीवर एक लांब बांबू तिरपा चढवलेला, त्याला परबाण म्हणतात, आणि शीड या परबाणाला लटकतं. डोलकाठी ताठ धरणारे दोर वेगळे, परबाण वर चढवायचा दोर वेगळा, शिडाचे कोपरे धरणारे वेगळे. नमुना म्हणून शेठकडे एकच फोटो होता. तोही जहाजाचा नव्हे, कुणाच्यातरी निकाहनंतर धक्क्यावर काढलेला. सगळे वऱ्हाडी पुढे आणि मागे ‘मुराद’. त्यात तिची मागची बाजू एका मामूंच्या पोटाआड गेलेली. तेव्हा पुढचे दोर फोटोत बघून बांधायचे आणि मागचे मामूंच्या पोटामागे काय असेल त्याचा अंदाज घेऊन, असं ठरलं.

ठकुबाई कामाला बसल्या की पंखा बंद. बोलणं बंद. सूत आधी कांजीत बुडवून ताठ केलं, मग काताच्या पाण्यात रंगवलं. लूमवर हजारो धागे सारख्या ताणात लागतात, एक जरी ढिला पडला तरी कापड बिघडतं. ती सवय हाडीमाशी भिनलेली. प्रत्येक दोर त्या ओढून बांधायच्या आणि नखाने वाजवून बघायच्या. शेठ शेजारी बसून बोराच्या बीएवढ्या कप्प्या चिमट्याने पुढे करायचे. दोघांची भांडणंही व्हायची. कारखान्यात सूत खराब आलं की ठकुबाई शेठना सगळ्यांसमोर सुनवायच्या, ते इथेही चालू. एक दोर डावीकडून घ्यायचा की उजवीकडून, यावरून दोघं एकदा पाऊण तास एकमेकांशी बोलत नव्हते आणि मधल्या मधे मला निरोप्याचं काम करावं लागलं. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांचं.

दुपारी शेठची सून रुबीना जेवायला हाक मारायची. खालून वास असा यायचा की मी हाकेआधीच दोन पायऱ्या उतरलेली असायची. ठकुबाई मात्र फडक्यात बांधून आणलेली भाकरी काढायच्या. फडकं सोडायला कात्री मी द्यायची. यात धर्माबिर्माचं काही नव्हतं, चहा तर त्या तीन वेळा घ्यायच्या. नियम कारखान्यातला होता. मालकाच्या घरी पोटभर जेवलं की मालकाला तोंडावर बोलता येत नाही आणि बोलता आलं नाही की काम बिघडतं, असं त्यांचं मत. एकोणतीस वर्षांत त्या या घरी पाटावर बसल्या नव्हत्या. ईदचा शीरखुर्मासुद्धा डब्यातून राहनाळला यायचा. मी मात्र रुबीनाकडे यथेच्छ जेवायची. मला कुणाला सुनवायचं नव्हतं.

खदीजाआपा असरच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या, नमाजनंतर काठी टेकत वर यायच्या आणि खुर्चीत बसायच्या. उंच, सडसडीत, बोलणं मोजकं. दोर वाढत गेले तसं एका रविवारी त्यांनी विचारलं, शीड उतरतं का? शेठ हसले. आपा, मॉडेल आहे, म्हणाले. पुढच्या रविवारी आपांनी पुन्हा तेच विचारलं. तेव्हा ठकुबाईंनी मान वर न करता सांगून टाकलं की आपा, काळजी करू नका, मी बांधलेलं सात पिढ्या उतरायचं न्हाय. आपा काठी टेकत खाली गेल्या. आम्ही तिघंही एवढे शहाणे, की शीड पडेल म्हणून म्हातारी घाबरतेय अशी समजूत करून घेतली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी शेवटची गाठ पडली. एकशे त्रेचाळिसावी. शेठनी त्या दिवशी अत्तर लावलं होतं. रुबीना ओढणीला हात पुसत वर आली. आपांनी चष्मा पुसला आणि टेबलाभोवती एक फेरी घातली. नाळ बघितली, डेकवरचं पाण्याचं पिंप बघितलं, शिडाचं कापड दोन बोटांत धरून बघितलं. चेहऱ्यावर काही दिसू देतील तर शपथ. मग त्या मागच्या बाजूला गेल्या, मामूंच्या पोटामागच्या भागात. मोठ्या परबाणाचा दोर जिथे बांधला होता तिथलं टोक त्यांनी चिमटीत धरलं आणि ओढलं.

काही झालं नाही. पुन्हा ओढलं, या खेपेला जोरात. डोलकाठी वाकली, सगळे दोर एकदम कुरकुरले. गाठ जागची हलली नाही. ठकुबाईंच्या चेहऱ्यावर तर मला चक्क अभिमान दिसला.

आपांनी हात काढून घेतला. "ही आमची न्हाय," म्हणाल्या आणि काठी टेकत जिना उतरून गेल्या.

मला इतका राग आला की काही विचारू नका. शेठ खुर्चीत बसून राहिले होते, थरथरणारे हात मांडीवर. त्या बाईला भावाचं एवढंसुद्धा दिसू नये? हो म्हणायला काय जात होतं? सगळी वाट मी हेच बडबडत आले. घरी आल्यावर आमच्या घरातल्या प्रत्येक पिशवीला दोन-दोन गाठी बसल्या.

मी म्हटलं, सोडा आई, त्यांना काहीच पसंत पडायचं नाही.

"तिनं गाठ वढली. सुटली का?" ठकुबाई उसळल्या. "न्हाय ना सुटली? मंग मना नापास कशाची केली?"

त्यांना झोंबलं होतं ते हे. मला शेठचा चेहरा दिसत होता आणि त्यांना आपली एकोणतीस वर्षं दिसत होती.

बुधवारी त्यांनी अर्धी ड्युटी टाकली, मलाही टाकायला लावली आणि आम्ही आपांना जाब विचारायला निघालो. जाब काय विचारायचा याची तालीम मागच्या सीटवर चालू होती. धामणकर नाका येईपर्यंत ते भाषण मलाच पाठ झालं.

आपा खालच्या खोलीत बॅग भरत होत्या. सगळ्या आयुष्याचं सामान तेवीस किलोत बसवायचं होतं. बॅगेत थोडंसंच गेलं होतं आणि इथेच राहणाऱ्या वस्तूंचा पलंगावर ढीग झाला होता. ते बघून माझा राग निम्मा उतरला. ठकुबाईंचा नाही. त्यांनी भाषणातलं पहिलं वाक्य म्हटलं, की आपा, माझी गाठ सुटली नाही.

"तेच तर," आपा म्हणाल्या.

मग त्यांनी आम्हाला ढीग सरकवून पलंगावर बसवलं आणि जे सांगितलं ते त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितलेलं नव्हतं. कारण भाऊ नेहमी ‘मुराद’ दिसायची कशी तेवढंच विचारायचा. आपा सातआठ वर्षांच्या असताना अब्बा त्यांना कधीमधी वसईहून खाडीपर्यंतच्या शेवटच्या टप्प्याला जहाजावर घ्यायचे. मुलीला जहाजावर काम नसतं, पण अब्बांनी त्यांना एक काम दिलं होतं. खाडीच्या शेवटच्या वळणावर मोहल्ल्याची घरं दिसायला लागली की अब्बा खदीजाकडे बघून मान डोलवायचे, आणि खदीजा मोठ्या शिडाच्या दोराचं टोक ओढायची. एकदाच. गाठ सुटायची, परबाण सरसर खाली यायचं आणि शीड पडायचं. घराच्या माडीवर अम्मा उभी असायची. शीड पडलेलं दिसलं की ती आत वळून चुलीवर भात चढवायची. पुढचं अंतर भरतीचं पाणीच जहाजाला आणायचं, आणि अब्बा पायऱ्या चढून येईतो भात शिजलेला असायचा.

"ठकू, लूमवर गाठ सुटली तर कापड जातं. दर्यावर न्हाय सुटली तर माणसं जातात," आपा म्हणाल्या. "वारा फिरला का शीड तवाच खाली पायजे. तुझी गाठ चांगली हाय गो. पण तिच्यानं जहाज घरी येत न्हाय."

ठकुबाई पलंगावर पुढे सरकल्या. भाषण कुठल्या कुठे गेलं होतं. मग म्हणाल्या, "दाखवा."

आपांनी बॅग बांधायची दोरी घेतली आणि पलंगाच्या दांडीला वेढा दिला. बोटं जरा घुटमळली. मग बोटांना आपलं आपण आठवलं आणि सुरगाठ पडली. दोरी ओढून ताणून दाखवली, गाठ पक्की. टोक ओढलं, दोरी मोकळी. ठकुबाईंनी तीच दोरी घेतली, तसाच वेढा दिला, तसंच टोक घातलं, आणि शेवटी सवयीने असा हिसका दिला की तिची निरगाठ झाली. पुन्हा केलं, पुन्हा निरगाठ. ती दोरी शेवटी मी डिकीतली कात्री आणून कापली.

पुढचे दहा दिवस आमच्या घराने जे सोसलं ते सोसलं. सराव म्हणून ठकुबाई दिसेल ते सुरगाठीने बांधायला लागल्या. पिठाची पिशवी फळीवरून सुटली आणि लडकूबाबा पांढरे झाले. गॅलरीतली दोरी सुटून सगळं धुणं शेजारच्या कोंबड्यांवर पडलं. स्कूटीला मागे बांधलेली तूरडाळ घरापासून नाक्यापर्यंत सांडत गेली. गोडाऊनमध्ये एक खोकं ट्रकात चढतानाच उघडलं आणि सुपरवायझर हात जोडून म्हणाला, मावशी, तुमची जुनी गाठच बरी होती. लडकूबाबांच्या लेंग्याच्या नाडीचं काय झालं ते मी लिहीत नाही. मी सून आहे.

गंमत बाजूला ठेवू. त्यांना ते खरंच जमत नव्हतं. बोटं एकतर आवळून टाकायची, नाहीतर अगदीच सैल सोडायची. मागितल्याशिवाय सुटायचं नाही आणि मागितलं की अडायचं नाही, एवढंच त्या गाठीने करायचं होतं आणि ठकुबाईंच्या बोटांना त्या दोन टोकांच्या मधली जागा सापडत नव्हती. एका दुपारी त्या ओट्यावर सुतळीचा गुंता मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"धरून ठेवाया येतं मना," माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "सोडाया कुणी शिकवलंच न्हाय."

मला त्यांची फार माया आली. शेती गेली, कारखाना गेला, तरी या बाईने घर धरून ठेवलं होतं म्हणून आम्ही सगळे एका छपराखाली होतो. त्यांच्या शेजारी बसले आणि मीही एक सुतळी घेतली.

अकराव्या दिवशी जमलं. पण जहाजावर दुसरंच दुखणं निघालं. डोलकाठ्या धरणारे दोर बदलायचे नव्हते. ते जहाजावरही सुटायचे नसतात, तेव्हा तिथली निरगाठ आपांनी मान्य केली. बदलायचे ते अकरा. त्यातला मोठ्या परबाणाचा दोर नव्याने बांधला, टोक ओढलं, गाठ अलगद सुटली, आणि परबाण आपलं वरच. दोर कांजीने ताठ झालेला आणि परबाण चटईच्या काडीइतकं हलकं. खाली यायला त्याला काही कारणच नव्हतं. विमानाला पाच दिवस उरले होते. शेठ म्हणाले, जाऊ दे ठकुबाई, नशिबात नाही. त्यावर ठकुबाईंनी त्यांना असं सुनवलं की मला कारखाना बघितल्यासारखं वाटलं.

शेठनी लूम विकताना एक डबा मागे ठेवला होता. का ठेवला ते त्यांनाच सांगता येत नव्हतं. ठकुबाईंनी तो मागवला आणि जमिनीवर उपडा केला. लूमवर सूत न घासता धावावं म्हणून चिनीमातीच्या बारीक कड्या असतात, वापरून वापरून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या. त्यातली सगळ्यात लहान कडी डोलकाठीच्या टोकाला कप्पीच्या जागी बसली. आडवा धागा घेऊन लूमवर इकडून तिकडे धावतो तो धोटा. एका जुन्या धोट्यातली लोखंडी सळई काढून ती परबाणाच्या पोकळ बांबूत गेली. दोरासाठी नवं सूत घेतलं, ते उकळून मऊ केलं आणि त्याला मेण चोळलं. शनिवारी दहा वेळा ओढून बघितलं. सात वेळा परबाण खाली आलं आणि तीन वेळा अर्ध्यात अडकलं. ठकुबाईंनी अकराव्यांदा दोर बांधला आणि म्हणाल्या, आता कुणी हात लावायचा न्हाय.

रविवारी आपा असरनंतर वर आल्या. या वेळी टेबलाभोवती फेरी नाही, चष्मा पुसणं नाही. सरळ मागच्या बाजूला गेल्या आणि दोराचं टोक चिमटीत धरलं. ठकुबाईंनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते. दहातले तीन, हे मी मनात घोकत होते.

आपा ओढेनात. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, जिकडे खाडी आहे. मग भावाकडे बघितलं आणि तशाच बघत उभ्या राहिल्या. शेठना कळेना. काय झालं आपा, म्हणून ते दोनदा विचारून बसले. ठकुबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं.

"शेट, मान डोलवा."

शेठनी मान डोलवली.

आपांनी टोक ओढलं. गाठ सुटली. परबाण हललं, मधे एकदा अडखळलं आणि मग सरसर खाली आलं. सगळं शीड डेकवर पडलं, पाण्याचं पिंपही त्याखाली झाकलं गेलं. आपा ‘हो, हीच’ म्हणाल्या नाहीत. त्या जिन्याकडे वळल्या आणि त्यांनी खाली हाक मारली.

"रुबीना, भात चढव."

शेठ रडायला लागले, चांगले आवाज करून. मीही रडले, कशाला खोटं बोलू. खालून रुबीना विचारत होती की आत्ता, पाच वाजता भात कुणाला हवा, दुपारची बिर्याणी शिल्लक आहे.

ठकुबाई त्या मोकळ्या पडलेल्या दोराकडे बघत होत्या. "सुटली," म्हणाल्या. एकदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, एकदा शेठकडे बघून.

"साधा भात," आपांनी पुन्हा खाली सांगितलं, "आणि ठकूचापण."

मी सवयीने पिशवीतून कात्री काढायला गेले, दुपारी तसंच राहिलेलं त्यांच्या भाकरीचं फडकं कापायला. ठकुबाईंनी माझा हात बाजूला केला, पदराला बोटं पुसली आणि आपांना विचारलं की हात कुठे धुवायचे.